फास्ट, फास्टर, पेस्टर

शकूताईंनी "कधी?" हा प्रश्न कुणाला विचारलेला मी ऐकला नाही. त्यांचा प्रश्न एकच, "कुठवर आलं?" माल कुठवर आला, जेवण कुठवर आलं, पावण्यांचं बोलणं कुठवर आलं. "कधी इचारलं की माणूस उद्या म्हणून मोकळा होतो," असं त्यांचं म्हणणं. "कुठवर म्हणलं की त्याला थांबून बघावं लागतं. आन् बघितलं की त्याचं त्यालाच कळतं, की अजून काईच केलेलं न्हाई." हा प्रश्न त्या इतक्या गोड आवाजात विचारायच्या की समोरच्याला घाम फुटायचा.

चाकणच्या पट्ट्यात नोकरी केलेल्या माणसाला फॉलोअप म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. मोठ्या कंपनीत गाडी बनते असं लोक म्हणतात, पण तिथे ती नुसती जोडतात. तिचे बारीकसारीक भाग आजूबाजूच्या गावांतल्या पत्र्याच्या शेडमधून येतात. आमची कंपनी मधली. मोठ्यांना माल द्यायचा, छोट्यांकडून घ्यायचा. छोट्याने उशीर केला की आमची लाईन थांबते, आमची थांबली की मोठ्यांची थांबते, आणि मग फोनवर जे ऐकून घ्यावं लागतं ते चारचौघांत सांगण्यासारखं नसतं. म्हणून छोट्यांच्या मानगुटीवर बसून माल काढून आणायला प्रत्येक कंपनी एक माणूस ठेवते. बाकी सगळीकडे हा माणूस म्हणजे दणकट बाप्या असतो, तोंडात शिव्या आणि हातात दोन मोबाईल. आमच्याकडे शकूताई होत्या, नऊवारी सोडून पाचवारीत आलेल्या आणि पायात स्पोर्ट्स शूज घातलेल्या.

ताई कुरुळीच्या. आमच्या कंपनीचं पार्किंग आहे तिथे पूर्वी त्यांच्या सासऱ्यांचा कांदा व्हायचा. "तुझी गाडी माझ्या कांद्यावर हुबी हाय," असं त्या मला रोज सकाळी ऐकवायच्या. कंपनीत त्या आधी स्टोअरमध्ये होत्या. एकदा माल येईना, सगळे नुसते फोन करत बसलेले, तेव्हा ताईंनी स्कूटर काढली आणि तासाभरात पायाशी पोतं ठेवून परत आल्या. तेव्हापासून ते कामच त्यांच्या गळ्यात पडलं. मी निगडी प्राधिकरणात वाढलेला, इंग्रजी शाळेतला, परचेसमध्ये नवा लागलेला. माझं टेबल त्यांच्या शेजारी. त्या मला इंजिनेर म्हणायच्या, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांची काम करून घ्यायची पद्धत अजब होती. आरडाओरडा नाही, धमकी नाही. शेडमध्ये जायचं, एखादा क्रेट पालथा घालायचा, त्यावर बसायचं आणि पिशवीतून भाजी काढून निवडायला लागायचं. काम थोडं राहिलं असेल तर मेथी. मेथीची जुडी संपेस्तोवर माल हातात पडला पाहिजे, असा अलिखित करार. पण पिशवीतून गवार निघाली, की शेडमधल्या पोरांचे चेहरे पडायचे. गवार म्हणजे बाई आज हलत नाही. आणि पावट्याच्या शेंगा निघाल्या, तर मालक स्वतः मशीनवर उभा राहायचा. मधूनच ताई मान वर करून विचारणार, "कुठवर आलं?" झालं. इकडे भाजी निवडून व्हायची, तिकडे माल पॅक व्हायचा, आणि ताई दोन्ही घेऊन निघायच्या.

मराठीत या प्रकाराला शब्दांची काही कमी नाही. तगादा लावणं, टुमणं लावणं, भुणभुण करणं, पिच्छा पुरवणं, भंडावून सोडणं, डोकं खाणं. शेडवाले हे सगळे शब्द ताईंबद्दल वापरायचे, त्यांच्या तोंडावर वापरायचे, आणि वर त्यांना चहा पाजायचे. ताईंना कशाचाच राग यायचा नाही. "डोकं खाते म्हंतोस? मग माझं पोट भरत कसं न्हाई रे?" असं उलट विचारायच्या.

ताईंचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात निबर गडी म्हणजे इस्माईलभाई. कुरुळीच्या रस्त्याला त्यांची लेथची शेड, आमच्या लोखंडी पिना तिथून यायच्या. त्यांचे वडील शेतकऱ्यांचे पाण्याचे पंप दुरुस्त करायचे, तेव्हापासून दोन्ही घरांची ओळख. हात सोन्यासारखा, पण कारणं सांगण्यात इस्माईलभाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"ताई, लाईट गेली होती."

"मग पंखा कशावर फिरतोय? तुझ्या बोलण्यावर?"

"ताई, कारागीर गावाला गेला."

"हा काय, मशीनमागं लपलाय. बाहेर ये रं बाबा, चहा घे."

एकदा इस्माईलभाई लोखंडी बार उचलताना मध्येच थांबले आणि छातीवर हात ठेवून उभे राहिले. ताईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. खोदून खोदून विचारल्यावर कळलं, डॉक्टरांनी अँजिओग्राफी करून घ्या म्हणून सांगितलंय आणि भाई ते टाळतायत. त्या दिवसापासून ताईंच्या फॉलोअपमध्ये एका आयटमची भर पडली. "पिना कुठवर आल्या? आन् ती छातीची तपासणी कुठवर आली?" भाई म्हणायचे, ईद होऊ द्या. ईद झाली की म्हणायचे, दिवाळीचा माल जाऊ द्या. "तुझं हृदय काय कॅलेंडर बघून चालतंय व्हय?" असं म्हणून ताई गवार काढायच्या.

इस्माईलभाईंचा मुलगा इम्रान तेव्हा नुकताच एमबीए करून धंद्यात आला होता. पिंपळे सौदागरला फ्लॅट, कडक इस्त्रीचा शर्ट, पोरगा हुशार आणि मनाने चांगला. पण आपल्या शेडमध्ये एक बाई दिवसभर गवार मोडत बसते, हे त्याच्या एमबीएत कुठे बसेना. आमच्याकडे मीटिंगला आला तेव्हा त्याने आमच्या साहेबांपुढे विषय काढलाच. साहेबांना मराठी येत नव्हतं म्हणून इंग्रजीत म्हणाला, "सर, धिस लेडी पेस्टर्स अस द होल डे."

साहेब खोकले. मी माझ्या पेनाचं टोपण निरखायला लागलो. आणि शेजारी बसलेल्या शकूताईंचा चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा फुललेला!

बाहेर आल्या आल्या त्यांनी माझं मनगट धरलं. "ऐकलंस का, काय म्हणाला? पेस्टर!" मी काही बोलायच्या आत त्यांनीच समजावून सांगितलं, "फास्ट, फास्टर, पेस्टर. फास्टरच्या म्होरं अजून एक असतंय बघ. आमाला शाळेत शिकवलंच न्हाई." संध्याकाळी अख्ख्या डिपार्टमेंटला पेढे. साहेबांनाही दिला. साहेबांनी तो खाल्ला, आणि त्यानंतर तक्रारीबद्दल ताईंशी बोलायची त्यांची काय बिशाद!

पुढे त्या शब्दाने जो धुमाकूळ घातला तो विचारू नका. ताई येता-जाता वापरायच्या. "जरा पेस्टर उरका रे." कॅन्टीनमधून आरोळी यायची, "दोन कटिंग, एकदम पेस्टर!" आमचा बीडचा फोर्कलिफ्टवाला म्हणायचा, "लई पेस्टर मारली राव आज गाडी." इंग्लंडात त्या शब्दाचा अर्थ काहीही असो, कुरुळीपासून पुढच्या चौकापर्यंत त्याचा अर्थ विजेच्या वेगाने असा झाला. ताईंना पोरं पेस्टरताई म्हणायला लागली, आणि ताई ते पदवीसारखं मिरवायच्या. कळस म्हणजे खुद्द इस्माईलभाई. मुलगा मीटिंगमध्ये काय बोलून आलाय हे त्यांना माहीतच नव्हतं. एकदा मी त्यांच्या शेडमध्ये बसलेलो असताना ते इम्रानच्या देखत फोनवर म्हणाले, "ताई, इस बार माल बिलकुल पेस्टर देतो." इम्रानचा चेहरा असा झाला, की मला उठून बाहेर जाऊन हसावं लागलं.

हे असंच चालू राहिलं असतं तर किती बरं झालं असतं. पण ताईंची नात तिसरीत, इंग्रजी शाळेत. एके रविवारी ताई तिला म्हणाल्या, "अभ्यास पेस्टर कर." ती पोर हसून हसून लोळली. म्हणाली, "आज्जी, पेस्टर म्हणजे सारखं मागे लागून त्रास देणं! आमच्या पुस्तकात आहे."

सोमवारी ताई आल्या त्या गप्प. पार्किंगमध्ये कांद्याचं नाव नाही. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "इंजिनेर, तुला ठावं व्हतं?"

"हो ताई. पण मला तुमचाच अर्थ जास्त आवडला होता."

त्या हसल्या नाहीत. "मराठीत कुणी म्हणलं असतं ना, तू लोकास्नी तरास देतीस, तर मी भांडले असते. हे इंग्रजीत म्हणाला, आन् मी पेढं वाटलं." पदर डोळ्याला लावला नाही, काही नाही. नुसतं टेबलावरचं पुसलेलंच पुसत राहिल्या. मला इतकं वाईट वाटलं की त्या पुस्तकवाल्याला जाऊन जाब विचारावा.

त्या दिवसापासून शकूताईंनी शेडमध्ये जाणं बंद केलं. भाजीची पिशवी घरी राहिली. त्या खुर्चीत बसून सगळ्यांना मोबाईलवर मेसेज पाठवायला लागल्या, "नमस्कार. माल तयार झाल्यास कळवावे ही विनंती." खाली जोडलेले दोन हात. शेडवाले हादरले. एकाने मला फोन करून विचारलं, "भाऊ, ताईंच्या घरी काही बरंवाईट झालं का?" तोंडावर डोकं खाता म्हणणाऱ्यांना आता चैन पडेना, आणि माल मात्र कुणाचाच वेळेवर येईना.

मी शब्दकोश धुंडाळला. म्हटलं, बघू तरी हा शब्द आला कुठून. आणि काय सांगू, मजाच निघाली. हा मुळात फ्रेंचांचा शब्द, त्याच्याही मागे लॅटिन, आणि त्याचा अर्थ चरायला सोडलेल्या जनावराच्या पायाला दोर बांधणं. आपण ज्याला पायबंद घालणं म्हणतो, अगदी तेच. पुढे इंग्रजांनी 'पेस्ट', म्हणजे कीड किंवा उपद्रव, याच्याशी त्याचं नातं जोडलं, आणि बिचाऱ्या दोराचा कटकट्या झाला. त्रास देण्याचा दुसरा इंग्रजी शब्द 'हॅरॅस', तो वेगळा. तो म्हणे अंगावर कुत्रं सोडताना जे ओरडतात त्यातून आला असावा. आपण कुत्र्याला छू म्हणतो ना, तसं. एकाच्या हातात दावं, दुसऱ्याच्या हातात कुत्रं. आजही ऑफिसात हॅरॅस म्हटलं तर कमिटी बसते, आणि पेस्टर म्हटलं तर फक्त कपाळाला आठी पडते.

डबा खाताना हे सगळं मी ताईंना मोठ्या उत्साहाने सांगितलं. वाटलं, कळी खुलेल.

"म्हंजी," ताई भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाल्या, "इस्माईलभाई जनावर हाय, असं म्हणतोस व्हय?"

"तसं नाही हो ताई!"

"मग कसं? आधी नुसता तरासच देत व्हते, आता वर माणसांला दावं पन बांधायला लागले." झालं! माझ्या शब्दकोशाचा हा असा उजेड पडला. मी डबा बंद केला.

त्याच आठवड्यात पिनांसाठी मलाच इस्माईलभाईंच्या शेडवर जावं लागलं. भाई ताईंच्या त्या क्रेटवर बसले होते. डोक्यावर पंखा, तरी सदरा घामाने भिजलेला, आणि हात सारखा डाव्या खांद्यावर. म्हणाले, "ॲसिडिटी आहे रे." मी विचारलं, "भाई, ती तपासणी झाली का?" ते हसले. "अब कोई पूछता नहीं, तो मी पण विसरून गेलो."

मी तसाच परत आलो आणि ताईंना जे पाहिलं ते सांगितलं. ताईंनी मोबाईल खाली ठेवला. त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला, आणि मग लाल झाला.

"मी इच्यारायचं थांबले, आन् हा माणूस मरायला बसला?" त्या उठल्याच. "तरास तर तरास. चल."

स्कूटर त्यांनी काय चालवली! मी मागे बसून फक्त देवाचं नाव घेत होतो. शेडमध्ये शिरल्या त्या सरळ भिंतीकडे गेल्या आणि मेन स्विच खाली ओढला. मशीन घरघरत थांबलं. सगळी पोरं जागच्या जागी उभी.

"ताई, मशीनवर जॉब चढवलाय," इस्माईलभाई कळवळून म्हणाले. "एवढा उतरवतो, मग बोलू."

"जॉब उतरंल. तू गाडीत चढ."

आवाज ऐकून इम्रान केबिनमधून बाहेर आला. "आंटी, प्लीज, तुम्ही असं..."

ताई त्याच्याकडे वळल्या. "पोरा, त्या दिवशी तू मला काय म्हणालास ते मला आता कळलंय. त्याचं मागनं बघू. आधी वडलांकडं बघ, मग गाडी काढ."

इम्रानने वडिलांकडे बघितलं. रोज बघत होता, पण या वेळी ताईंनी सांगितल्यावर बघितलं. तो धावत बाहेर गेला. गाडी काढली.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी लगेच आत घेतलं. शिरा तुंबल्या होत्या, त्यातली एक जवळजवळ पूर्ण. स्टेंट टाकायचं ठरलं. आम्ही बाहेर बाकावर. वाटेत ताईंनी कुठून कशी घेतली देव जाणे, पण पिशवीत गवार होती. त्या निवडत बसल्या, आणि दार उघडलं की जी नर्स बाहेर येईल तिला विचारायच्या, "बाई, कुठवर आलं?" पहिली वैतागली. दुसरी थांबून सांगून गेली. थोड्या वेळाने तर नर्स आपण होऊन सांगायला यायला लागल्या.

इम्रान लांब उभा होता, भिंतीला टेकून. मग येऊन ताईंच्या शेजारी बसला. त्याने मूठभर शेंगा उचलल्या आणि मोडायला लागला. ताईंनी जरा वेळ बघितलं.

"शिरा काढ पोरा. दातात अडकत्यात."

"आंटी, मी सॉरी..."

"कशापायी? खरं तेच बोललास की. मी देतेच तरास." आणि मग माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "हा इंजिनेर म्हणतो, तुझा त्यो शब्द म्हंजी पायबंद. आमचा एक खोंड व्हता, लई अवखळ. खुंट्याला बांधला तर उपाशी मरंल, मोकळा सोडला तर रस्त्यावर जाईल. मग काय करायचं? पायबंद घालायचा आन् चरू द्यायचा. त्याला काय ते आवडायचं न्हाई. माझ्याकडं बघून रोज शिंग हलवायचा." इम्रान हसायला गेला आणि त्याला रडूच फुटलं. ताईंनी गवारीच्या हातानेच त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि इस्त्रीच्या शर्टावर हिरवे डाग पडले. मला तेव्हा त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, कारण त्यांनी त्यावरूनही माझी टिंगल केली असती.

डॉक्टर बाहेर आले आणि सगळं व्यवस्थित झालं म्हणाले. वर हेही म्हणाले, की आणखी थांबला असतात तर अवघड होतं. इस्माईलभाई स्ट्रेचरवरून बाहेर आल्यावर पहिलं काय बोलले असतील? "ताई, पिना शुक्रवारी." ताई म्हणाल्या, "पिना घाल चुलीत." उभ्या नोकरीत त्यांनी कुणाला दिलेली ती एकमेव मुदतवाढ.

त्यानंतर पिशवी पुन्हा शेडमध्ये फिरायला लागली. मेसेजमधले जोडलेले हात गेले, आणि माल वेळेवर यायला लागला. ताई निवृत्त झाल्या तेव्हा कॅन्टीनमध्ये समारंभ झाला. शेडवाल्यांना बोलावणं नव्हतं, तरी सगळे आले. एकाने मेथीच्या जुड्यांचा हार करून आणला होता, आणि ताईंनी तो खरोखर गळ्यात घालून घेतला. इस्माईलभाईंना बोलायला उभं केलं. ते वजन उतरून निम्मे झालेले. माईक हातात घेतला, ताईंकडे बघितलं, पुन्हा बघितलं, आणि काही न बोलता खाली बसले. सगळ्यात जास्त टाळ्या त्या भाषणाला पडल्या. जाताना पार्किंगमध्ये ताईंनी माझ्या गाडीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "नीट ऱ्हा रे बाबा." इंजिनेर म्हणाल्या नाहीत.

ताईंच्या जागी कंपनीने माणूस घेतला नाही, संगणकात एक सोय करून घेतली. ती सगळ्यांना आपोआप आठवण करून देते, रोज, न चुकता, आणि ती कुणी वाचत नाही. ताईंचं टेबल रिकामं होतं. त्यावरचा फोन मी कधी वाजलेला ऐकलाच नव्हता. फोन करायच्या त्या ताई. त्यांना आपण होऊन कोण करणार?

एका सोमवारी तो वाजला. मी उचलला. पलीकडे इस्माईलभाई.

"पिना तयार आहेत. घेऊन जा."

मी स्क्रीनवर बघितलं. मुदत गुरुवारची होती. "भाई, आम्ही तर अजून विचारलंही नाही."

"वही तो. कुणी विचारलं नाही. सकाळपासून चैन पडेना, म्हणून मीच सांगतो." मग मागे लेथची घरघर ऐकू येत राहिली. मला वाटलं फोन ठेवला. तेवढ्यात ते पुन्हा बोलले, जरा हळू.

"और सुन. सकाळची गोळी पण घेतली. ताईला कळव."